मंगल कार्यालयातला टॅबलेट : एक प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातल्या फुलेवाडी रिंग रोडच्या अंगाला असलेलं एक मध्यम आकाराचं मंगल कार्यालय. खाली जेवणाचा हॉल, वर तीनेकशे खुर्च्यांचा मुख्य हॉल. आवाजाची व्यवस्था अशा कार्यालयांत सर्रास दिसते तशीच: भिंतींवर सहा कॉलम स्पीकर १०० व्होल्ट लाइनवर (एकाच लांब तारेवर अनेक स्पीकर चालवायची पद्धत) जोडलेले आणि मॅनेजरच्या टेबलाशेजारी एक मिक्सर-ॲम्प्लिफायर. त्याला माइकचे चार इनपुट, बाहेरचा प्लेअर जोडायला एक ऑक्स इनपुट, ब्लूटूथ आणि पुढच्या बाजूला पेनड्राइव्हची खाच. यंत्रात दोष काहीच नव्हता. तरी दर लग्नसराईत मालकांकडे एकच तक्रार यायची: गाणी वेळेवर लागत नाहीत, आणि लागली की नको ते लागतं.

आधी पेनड्राइव्ह होता. ॲम्प्लिफायरच्या छोट्या पडद्यावर गाण्याचं नाव दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. सत्तेचाळिसाव्या नंबरची सनई हवी असेल तर ‘पुढे’चं बटण दाबत जायचं, आणि मधल्या प्रत्येक गाण्याचा एकेक सेकंद अख्ख्या हॉलला ऐकवायचा. त्यात हे स्वस्त प्लेअर नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत. पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने फायली कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. मधली एक फाइल पुसून नवी टाकली की ती बहुधा त्याच रिकाम्या जागी जाऊन बसते आणि कागदावर लिहून ठेवलेली यादी निकामी होते.

मग मॅनेजरचा मोबाइल ब्लूटूथवर आला. नावं दिसू लागली, पण फोनही वाजू लागले. गाणी ऑनलाइन व्हिडिओवरून लावली जायची, म्हणून भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला की स्पीकरवर साबणाची जाहिरात. मॅनेजर गाड्या लावून घ्यायला फाटकापर्यंत गेले की जोडणी तुटायची, आणि ॲम्प्लिफायरचं ब्लूटूथ कोणताही पिन मागत नसल्यामुळे हॉलमधल्या कुठल्याही पोराचा मोबाइल त्याला चिकटायचा. एका हळदीत तसंच झालं आणि पुढची पाच मिनिटं पाहुण्यांनी कुठल्या तरी गेमचा गोळीबार ऐकला.

मालकांच्या घरी कपाटात एक दहा इंची टॅबलेट पडून होता. २०२० साली ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, अँड्रॉइड १०, ३२ जीबी साठवण, एका कोपऱ्यात तडा गेलेली काच. तो वापरायचं ठरलं. निवड योग्य होती, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे त्याला ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक आहे. दुसरं, त्यात सिम नाही. तिसरं कारण चष्म्याचं: टेबलाच्या पलीकडे उभं राहून, एका हातात पावती पुस्तक धरून, गाण्याचं नाव वाचता येतं आणि बोट चुकत नाही. जुन्या टॅबलेटचा प्रोसेसर संथ असतो, पण गाणं वाजवायला तो पुरून उरतो.

ज्या टॅबलेटला जॅक नाही त्यांना यूएसबी-सीचं छोटं ॲडॉप्टर लागतं. त्यात दोन जाती आहेत. एकात स्वतःची चिप असते, ते जवळजवळ सगळीकडे चालतं. दुसरं नुसत्या तारांचं असतं, आणि ते टॅबलेट स्वतः त्या खाचेतून ॲनालॉग आवाज देत असेल तरच चालतं. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून दुकानातच लावून बघावं.

टॅबलेट रिकामा करणं

पहिल्या लग्नात टॅबलेट जसाच्या तसा कपाटातून काढून जोडला गेला. सकाळी सव्वासातला, गणपती पूजन चालू असताना, सहाही कॉलममधून शाळेचा गजर वाजला. मुलाने चार वर्षांपूर्वी लावलेला. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू होतं, पण बहुतेक अँड्रॉइडमध्ये गजराला त्यातून आपसूक सूट असते.

म्हणून टॅबलेट आधी पूर्ण पुसावा. पुसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन जुनं गूगल खातं काढून टाकावं. हे राहिलं तर रीसेट झाल्यावर टॅबलेट तेच जुनं खातं आणि त्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि ते मुलाच्या शाळेच्या ईमेलवर असेल तर पंचाईत होते. खातं काढलं, मग फॅक्टरी रीसेट. नव्याने सुरू करताना एक साधं खातं घालून प्लेअर ॲप उतरवून घ्यायचं, गाणी भरायची आणि नंतर तेही खातं काढून टाकायचं. ॲप राहतं आणि चालतं. अपडेटच्या सूचना मात्र बंद होतात, आणि इथे तेच हवं आहे.

त्यानंतरची कामं एकदाच करायची असतात. एअरप्लेन मोड चालू. वाय-फाय आणि ब्लूटूथ त्यात बंद झालेत ना हे डोळ्यांनी बघून घ्यावं, कारण काही टॅबलेट मागचं लक्षात ठेवून ते परत चालू करतात. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन बोट लावल्याचा टिकटिक आवाज, स्क्रीन लॉकचा आवाज आणि चार्जर लावल्यावरचा ‘टुंग’ हे तिन्ही बंद. घरात हे आवाज कानावरही येत नाहीत, पण १०० व्होल्ट लाइनवर चार्जरचा तो टुंग देवळातल्या घंटेएवढा येतो. स्क्रीन लॉक ‘काही नाही’ वर, स्क्रीन फिरणं बंद, स्क्रीन झोपण्याची वेळ दहा मिनिटं किंवा जास्त. बॅटरीच्या सेटिंगमध्ये प्लेअर ॲपवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढून टाकावं, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही वेळाने अँड्रॉइड ते ॲप झोपवतो आणि जेवणाच्या पंगतीत गाणं मधेच थांबतं. शेवटी ‘स्क्रीन पिनिंग’ चालू करून प्लेअर पिन करावा. म्हणजे टेबलाशी खेळणाऱ्या लहान मुलाचं बोट लागलं तरी ॲप बंद होत नाही.

या कार्यालयात म्युझिकोलेट हे ॲप ठेवलं. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, फोल्डरनुसार गाणी दाखवतं आणि एकाच वेळी अनेक रांगा वेगवेगळ्या ठेवू देतं. या शेवटच्या सोयीचं महत्त्व पुढे येईल. व्हीएलसीही चांगलं आहे, पण एका कामासाठी बाजूला ठेवलेल्या टॅबलेटवर त्याची व्हिडिओची बाजू उगाच गर्दी करते.

गाणारा कुठं गेला?

खरा त्रास जोडणीत झाला, आणि एकामागून एक तीन वेगवेगळी कारणं निघाल्यामुळे तो लांबला.

कार्यालयातल्या मदतनीस पोराने बाजारातून ३.५ मिलिमीटर ते एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा प्लग) अशी तयार केबल आणली आणि माइकच्या रिकाम्या इनपुटमध्ये खोचली. गाणं लागलं. तबला ऐकू येतोय, पेटी लांबून कुठून तरी येतेय, आणि गायकाचा पत्ता नाही. नवरीचे मामा टेबलापाशी आले. “ओ मॅनेजर, वाजवणारी माणसं हायत, गाणारा कुठं गेला?”

कारण असं. हेडफोनच्या जॅकमधून दोन वेगळे आवाज निघतात, डावा आणि उजवा, आणि दोघांची मिळून एक जमीन, म्हणजे परतीची ग्राउंड तार. माइकचं एक्सएलआर इनपुट बॅलन्स्ड असतं. त्याच्या दोन तारांवर एकच आवाज सुलटा आणि उलटा येतो असं ते धरून चालतं आणि दोन्हींतला फरक घेतं. तारेत शिरलेला खरखराट दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजाबाकीत जातो. ही त्या इनपुटची खुबी. पण तिथे डावा आणि उजवा आवाज दिला की डाव्यातून उजवा वजा होतो. गायकाचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये मधोमध, म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत सारखा ठेवलेला असतो. तो संपूर्ण जातो. बाजूला ठेवलेली वाद्यं आणि घुमारा तेवढा उरतो.

कुणीतरी सुचवलं की टॅबलेटच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. केलं, आणि हॉल चिडीचूप झाला. हे अपेक्षितच होतं: मोनो केल्यावर डावा आणि उजवा पूर्ण सारखे झाले, वजाबाकी शून्य. उपाय म्हणून ते चुकीचं होतं, पण निदान म्हणून एकदम अचूक. मोनो चालू केल्यावर आवाज साफ बंद होत असेल तर दोष केबलचा आहे, टॅबलेटचा किंवा गाण्याचा नाही.

त्या केबलचे आणखी दोन दोष होते. माइक इनपुटला एक-दोन मिलिव्होल्टचा आवाज हवा असतो. टॅबलेटचा जॅक पूर्ण आवाजावर अर्धा ते एक व्होल्ट देतो, म्हणजे शेकडो पट जास्त. पोराने टॅबलेटचा आवाज दुसऱ्या पायरीवर आणून काम भागवलं होतं, तरीही जे काही ऐकू येत होतं ते फाटकं येत होतं. दुसरा दोष जास्त वाईट. माइक इनपुटवर फँटम पॉवर (काही माइकना तारेतूनच दिली जाणारी वीज) चालू असेल तर तो व्होल्टेज केबलमधून उलट टॅबलेटच्या जॅकवर येतो आणि आतला आवाजाचा भाग जाळू शकतो. इथे तो बंद होता, निव्वळ नशीब.

ती केबल बाजूला काढली आणि ऑक्स वापरायला घेतला. ऑक्सला ६.३५ मिलिमीटरचा मोनो जॅक होता. इथे दुसरा सापळा आहे. साधं ॲडॉप्टर लावून स्टिरिओ केबल मोनो खाचेत घातली की डावा आवाज जातो आणि उजवा जमिनीला शॉर्ट होतो. गायक परत येतो, पण ज्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारे एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत, त्यांतलं अर्धं गाणं हरवतं. डाव्या-उजव्या तारा नुसत्या पिळून एकत्र जोडणं हाही उपाय नाही. टॅबलेटची दोन्ही आउटपुट एकमेकांना ढकलू लागतात आणि आवाज फाटतो.

बरोबर उपाय तीन रेझिस्टरचा आहे. डाव्या तारेत १० किलोओहम, उजव्या तारेत १० किलोओहम, दोन्हींची दुसरी टोकं एकत्र. त्या सांध्यापासून जमिनीला १ किलोओहम. सांध्यावरून एक तार मोनो जॅकच्या टोकाला, जमीन जॅकच्या बाहेरच्या भागाला. पाव वॉटचे साधे रेझिस्टर चालतात. यात दोन कामं एकदम होतात. डावा-उजवा सुरक्षितपणे मिसळतात आणि आवाज सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतो. हॉलमधल्या अशा (पीए) ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला पुष्कळदा १०० ते २०० मिलिव्होल्ट पुरतात. नेमका आकडा मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात असतो. टॅबलेटचे सहाशे मिलिव्होल्ट आत गेले की बाहेर साधारण शंभर येतात. आवाजाच्या पंधरा पायऱ्यांपैकी अकरावी-बारावी टॅबलेटवर कायम ठेवायची आणि हॉलमधला आवाज ॲम्प्लिफायरच्या ऑक्स बटणावरून कमी-जास्त करायचा. टॅबलेटचा आवाज कमी आणि ॲम्प्लिफायरचा जास्त ठेवला तर सुसकारा वाढतो, उलट केलं तर आवाज फाटतो.

हे सगळं पत्र्याच्या लहानशा डबीत बसतं. प्लास्टिकची डबी नको, तिच्यात बाहेरचा खरखराट शिरतो. सोल्डरिंग येत नसेल तर रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कोणीही कारागीर अर्ध्या तासात करून देतो. फक्त ‘स्टिरिओ ते मोनो, रेझिस्टर घालून’ एवढं सांगावं, नाहीतर तो तारा पिळून देईल.

डबी लागली, आठवडाभर सगळं ठीक चाललं आणि मग आवाजच नाहीसा झाला. यावेळी कारण होतं टॅबलेटचं कव्हर. पुस्तकासारखं उघडणारं जाड कव्हर घातल्यामुळे प्लग शेवटचे दीड-दोन मिलिमीटर आत जात नव्हता. प्लगचा जमिनीचा भाग टेकत नाही तेव्हा आवाजाला परतीची वाट उरत नाही आणि डबीतून जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: प्लग बोटाने हलका दाबून फिरवला की आवाज येतो-जातो. कव्हरचं भोक ब्लेडने मोठं केलं, झालं. धातूच्या चार पट्ट्यांचा प्लग असलेली केबल, म्हणजे मोबाइलच्या माइकवाल्या इअरफोनसारखी, शक्यतो घेऊ नये. आतल्या जोडणीत जमीन आणि माइकच्या जागा उलटसुलट असल्या तर हाच घोळ होतो. तीन पट्ट्यांचा प्लग हवा.

गुणगुण

चार्जर लावला की स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण. चार्जर काढला की बंद. ही परीक्षा घेतली की निदान झालंच. मोबाइल-टॅबलेटचे चार्जर दोन पिनांचे, अर्थिंग नसलेले असतात आणि आतल्या लहान कपॅसिटरमधून थोडीशी गळती त्यांच्या डीसी बाजूवर येतच असते. ती टॅबलेटच्या जमिनीवरून केबलवाटे अर्थिंग असलेल्या ॲम्प्लिफायरकडे जाते आणि वाटेत आवाजाच्या तारेत मिसळते.

दुकानदार यावर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ देतो. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो, पण विजेची थेट वाट तुटते. काही शे रुपयांचं काम. खर्जात थोडा फरक पडतो, तो भिंतीवरच्या कॉलमला मुळीच कळत नाही. पण या कार्यालयाने आयसोलेटर घेतला नाही, आणि ते बरोबरच केलं. टॅबलेट रात्री पूर्ण चार्ज करायचा आणि कार्याच्या दिवशी बॅटरीवरच चालवायचा. स्क्रीन चाळीस टक्के उजेडावर ठेवून, एअरप्लेन मोडमध्ये, नुसतं गाणं वाजवताना बॅटरी सकाळच्या सनईपासून दुपारच्या पंगती उठेपर्यंत पुरते. संध्याकाळी गोरज मुहूर्ताचं दुसरं लग्न असेल तर मधल्या वेळात पाच व्होल्ट दोन अँपिअरचा चार्जर लावायचा, तेवढा वेळ केबल काढून.

चार्जर नसतानाही कधी ‘टिडिक टिडिक टर्र’ असा आवाज आला तर तो टू-जी नेटवर्कवरच्या मोबाइलचा असतो. जवळचा मोबाइल टॉवरशी बोलताना सेकंदाला सुमारे २१७ ठोके देतो, आणि ते ॲम्प्लिफायरच्या तारा पकडतात. पाहुण्याने ॲम्प्लिफायरवर ठेवलेला फोन उचलला की थांबतो. टॅबलेट मात्र ॲम्प्लिफायरवर कधीच ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात ॲम्प्लिफायरची जाळी हात ठेववत नाही इतकी तापते.

गाणी

कार्यालयाकडे विकत घेतलेल्या सीडींचा गठ्ठा होता: सनई, मंगलाष्टकं, भावगीतं, जुनी चित्रपटगीतं. त्या संगणकावर डब्ल्यूएव्ही स्वरूपात उतरवून घेतल्या. मग ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन कामं केली. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीची शांतता कापून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ठेवली, आणि गाणं मोनो केलं. सहाही कॉलम एकाच लाइनवर असल्यामुळे या हॉलमध्ये स्टिरिओला अर्थच नाही. शेवटी १२८ केबीपीएस मोनो एमपीथ्री. मिनिटाला साधारण एक एमबी होतो, म्हणजे २० जीबी मोकळ्या जागेत तीनशे तासांहून जास्त. मेमरी कार्डाची गरज नाही, आणि कार्ड नसलं की ते सैल होण्याची भीतीही नाही. फ्लॅक वगैरे दर्जेदार स्वरूपं घरच्या चांगल्या स्पीकरसाठी ठेवावीत. ज्या कॉलमला खर्ज आणि अगदी वरचे सूर दोन्ही नीट देता येत नाहीत, त्यावर तो दर्जा ऐकू येत नाही.

दुसरा मुद्दा आवाजाच्या पातळीचा. जुनी सनई हळू, नवी चित्रपटगीतं कर्कश. एकामागून एक लागली की मॅनेजरला दर गाण्याला बटणाकडे धावावं लागतं. एमपीथ्रीगेन नावाचा फुकट प्रोग्रॅम सगळ्या फायली मोजून एका पातळीवर आणतो. तो आवाज नव्याने दाबून साठवत नाही, फाइलमधला पातळीचा आकडा दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, म्हणून दर्जा घटत नाही. त्याची मूळची ८९ डेसिबलची खूण तशीच ठेवावी.

फायलींच्या नावांतही एक गंमत झाली. अर्धी नावं इंग्रजी आकड्यांनी सुरू होणारी, अर्धी मराठी. काही ॲप मराठी आकडे इंग्रजी अक्षरांच्याही नंतर लावतात, त्यामुळे मराठी आकड्याचा ‘२ हळद’ हा फोल्डर इंग्रजी ‘3’ने सुरू होणाऱ्या फोल्डरच्या खाली जाऊन बसला. सगळीकडे एकच लिपी ठेवावी, आणि एकेरी आकड्यांपुढे शून्य द्यावं, नाहीतर दहावा पहिल्याच्या मागोमाग येऊ शकतो. काही जुन्या फायलींची नावं अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या कचऱ्यात दिसत होती. ती युनिकोड येण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली होती. ती पुन्हा टाइप केली. फाइलच्या आत लपलेली टॅगची नावं, विशेषतः कुठून तरी उतरवलेल्या गाण्यांत वेबसाइटच्या जाहिराती असलेली, एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅमने साफ पुसून फाइलच्या नावावरूनच नव्याने भरली. नाहीतर प्लेअर फाइलचं नाव न दाखवता टॅगचं दाखवतो.

फोल्डर गायकाप्रमाणे किंवा चित्रपटाप्रमाणे केले नाहीत. ते विधींप्रमाणे केले: ०१ सकाळची सनई, ०२ गणपती पूजन, ०३ हळद, ०४ वरात दारात, ०५ अक्षता, ०६ जेवण, ०७ पाठवणी. ‘०४ वरात दारात’मध्ये एकही गाणं नाही. नवरदेव दारात आला की हलगी-घुमकं वाजत असतं, त्या वेळी हॉलमधला आवाज बंदच हवा. यादीतला हा रिकामा क्रमांक ही मॅनेजरला आठवण.

अक्षतांची वेळ

सगळ्यात नाजूक क्षण एकच. मंगलाष्टकं माइकवर चालू आहेत, आत्या-मावश्या आपापली कडवी म्हणतायत, आणि शेवटच्या ‘सावधान’वर वाजंत्री सुरू झाली पाहिजे. सनईवाले बोलावलेले असतील तर प्रश्न नाही. नसतील तर ते काम टॅबलेटचं. एक सेकंदाचा उशीर चालतो, पाच सेकंदांचा चालत नाही, आणि लवकर वाजलं तर त्याहून वाईट.

म्हणून अक्षतांच्या वाजंत्रीसाठी म्युझिकोलेटमध्ये एक स्वतंत्र रांग केली. त्यात फक्त एकच फाइल, पुनरावृत्ती बंद. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी ही रांग उघडून गाणं शून्यावर थांबवून ठेवायचं आणि ऑक्सचं बटण नेहमीच्या खुणेवर आणायचं. ती खूण ॲम्प्लिफायरवर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्याने केली आहे. मग टेबलावरून हलायचं नाही. ‘सावधान’ ऐकलं की एक बोट. रांगेत दुसरं गाणं नसल्यामुळे वाजंत्री संपली की शांतता होते. भलतं काही आपोआप लागत नाही. पंगतीची रांग वेगळी, ती जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते.

गाणं थांबवताना टॅबलेटवरचं थांबा बटण दाबायची सवय मोडावी. ऑक्सचं बटण चार-पाच सेकंदांत शून्यावर न्यायचं, मग थांबवायचं. भटजी “अहो मॅनेजर, आता पुरे करा” म्हणाले की एकदम तुटलेला सूर फार वाईट वाटतो. वीज गेली तर ॲम्प्लिफायर बंद पडतो आणि टॅबलेट बॅटरीवर गाणं पुढे वाजवत राहतो, नुसतं ऐकू येत नाही. जनरेटर सुरू झाला की स्पीकरमधून आधी धाडकन आवाज आणि मग गाण्याचा मधलाच तुकडा. वीज गेल्याबरोबर आधी ॲम्प्लिफायरचं मुख्य बटण शून्यावर न्यायचं, मग टॅबलेट थांबवायचा.

रात्री दहा वाजता ऑक्स बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकावर बंधन आहे, आणि कार्यालयाच्या दोन्ही अंगांना घरं आहेत. गाण्यांच्या हक्कांबाबतही विचारणा होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीत वाजवण्याला सूट आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित समारंभ येतात. कार्यालयात भरणारे सेल, नववर्षाची पार्टी यांना ही सूट लागू धरता येत नाही; तिथे परवाना आयोजकाने काढायचा, असं बुकिंगच्या अर्जावरच छापलं आहे. ऑनलाइन संगीताच्या ॲपचं वैयक्तिक खातं हॉलमध्ये वाजवणं त्या ॲपच्या अटींत सहसा बसत नाही, हे सीडीवरून फायली बनवण्याचं आणखी एक कारण.

पाहुण्यांचं गाणं आणि बंद महिने

“काका, आमच्या ताईच्या एन्ट्रीला हे गाणं लावा की,” म्हणून नवरीचा भाऊ मोबाइल पुढे करतोच. त्याचा मोबाइल डबीला जोडायचा नाही, हा नियम. गाणं आदल्या दिवसापर्यंत पेनड्राइव्हवर द्यायचं, संगणकावर एमपीथ्रीगेनमधून काढायचं, ओटीजी केबलने (पेनड्राइव्ह टॅबलेटला जोडणारी) टॅबलेटवर घ्यायचं आणि त्या दिवसापुरता ‘००’ क्रमांकाचा फोल्डर करायचा. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल पुष्कळदा व्हिडिओ असते, तिच्यातला आवाज ऑडॅसिटीने वेगळा काढावा लागतो, आणि त्यासाठी एफएफएमपेग नावाची जोड आधी बसवावी लागते. ऐन वेळी आलेल्याला मॅनेजर सरळ माइक देतात आणि फोन माइकसमोर धरायला सांगतात. आवाज पत्र्यासारखा येतो, पण जबाबदारी भावाची राहते.

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात आणि टॅबलेट पुन्हा कपाटात जातो. पहिल्या वर्षी तो शून्य टक्क्यांवर ठेवला गेला आणि कार्तिकात सुरूच होईना. लिथियमची बॅटरी अगदी रिकामी राहिली की तिचं रक्षण करणारं सर्किट तिला बंद करतं. मूळ चार्जरवर तासन्‌तास लावून ठेवल्यावर तो जागा झाला, पण असा दरवेळी होईल याची खात्री नसते. आता तो पन्नास-साठ टक्क्यांवर बंद करून ठेवतात आणि दर पौर्णिमेला एकदा चालू करून बघतात. त्याच वेळी काच चौकटीतून कुठे वर आली आहे का, हे कडेने नख फिरवून पाहतात. आली असेल तर बॅटरी फुगली आहे. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. टॅबलेट तसाच बंद ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. गाण्यांची प्रत संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर आहेच, दुसरा जुना टॅबलेट मिळाला की तासाभरात ती त्यावर चढते. मोनो डबी आणि केबल तीच राहते.